दहा दिवसांचं टक्कल

विक्कीच्या लग्नाचा व्हिडिओ तयार होऊन आला, तेव्हा तो पाहायला धम्मानंद बोरकर सगळ्यात पुढे बसला होता. वरातीत आपण फार सुंदर नाचलो अशी त्याची समजूत होती आणि ती एकदा डोळ्यांनी पाहून घ्यायची होती. वरातीचं शूटिंग ड्रोननं केलेलं. वरून बँडवाल्यांचे दिवे दिसत होते, घोडी दिसत होती, आणि मधोमध एक गृहस्थ जीव तोडून नाचत होते. त्यांच्या टाळूवर आलुबोंड्याएवढी जागा मोकळी होती आणि प्रत्येक उडीला ती दिव्यात चमकत होती.

"हे काका कोणाकडले हायेत बे?" धम्मानंदनं कौतुकानं विचारलं. "या वयात काय नाचून राहिले!"

सगळ्यांनी विक्कीकडे पाहिलं. शेवटी विक्कीनं नवरदेवाला शोभेल अशा हळुवार आवाजात सांगितलं, "कुर्ता पाय ना बे. तूच हायेस."

धम्मानंद सत्तावीस वर्षांचा होता. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत तो आणि विक्की दोघंही कामाला. धम्मानंद क्वालिटीला होता, म्हणजे धागा कुठे बारीक झाला, कुठे विरळ झाला हे दिवसभर पाहणं हाच त्याचा धंदा. मैलोगणती सुतातला एक दोष ज्याच्या नजरेतून सुटत नव्हता, त्याच्या स्वतःच्या डोक्यावरचा माल असा विरळ होत गेला आणि त्याला खबर नाही! टक्कल पडल्याचं दुःख होतंच, पण खात्याची अब्रू गेली याचं जास्त होतं.

हुडकेश्वरच्या घरी आल्यावर त्यानं एक आरसा पुढे आणि एक मागे धरून प्रत्यक्ष पाहणी केली. आई, सिंधूताई, दारातून पाहत होती.

"तुया बाबाच्या घरून आलं हे," ती म्हणाली. "माया माहेरी नव्वदीच्या म्हाताऱ्याच्याही डोक्यात फणी अडकते."

बाबा, म्हणजे रामाजी, पेपर वाचत होते. त्यांचं डोकं लग्नाआधीपासूनच तळहातासारखं होतं. त्यांनी पेपर थोडा वर घेतला, एवढंच.

आता धम्मानंदचा एक स्वभाव होता. एखादी गोष्ट त्यानं मनावर घेतली की ती गोष्ट तरी संपायची, नाहीतर घरचे तरी थकायचे. केस त्यानं मनावर घेतले. डॉक्टरकडे जावं हा साधा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण डॉक्टरकडे गेलं म्हणजे टक्कल अधिकृत झालं, आणि तिथं बाकावर ओळखीचं कोणी भेटलं म्हणजे ते जाहीरही झालं. त्यापेक्षा शेजारी बरे. ते न विचारता सांगतात.

समोरच्या भावना वहिनींनी कांद्याचा रस सांगितला. तो लावून धम्मानंद कंपनीच्या बसमध्ये बसला, तेव्हा शेजारची सीट बुटीबोरीपर्यंत रिकामीच राहिली. कोणी बोअरचं पाणी वाईट म्हणालं, कोणी हेल्मेट. पण हेल्मेट काढलं तर पोलीस धरतो, आणि पाणी बदलायचं तर घर बदलावं लागतं. मेडिकलवाल्यानं एक सिरमची बाटली दिली. ती त्यानं थेंब मोजून लावली. उशीवरचे केस मात्र वाढत्या प्रमाणात उशीवरच राहिले.

घाई होण्याचं कारण हिमानी होती. रामटेकला एका दवाखान्यात नर्स होती. तिचे वडील गजभिये गुरुजी रिटायर्ड मास्तर, धम्माचे पक्के, शिस्तीचे त्याहून पक्के. बायोडाटा पसंत पडला होता. त्यावर धम्मानंदचा कॉलेजमधला फोटो होता, ज्यात केस इतके होते की फोटोग्राफरनं 'जरा दाबा' म्हटलं होतं. उन्हं उतरली की जूनच्या शेवटी येतो, असा गुरुजींचा निरोप होता.

या अडचणीत शालिकराम काका धावून आले. हे शेजारच्या प्लॉटवर राहायचे, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, आणि वाढ हा त्यांचा विषय होता. मग ती कशाचीही असो.

"पूर्ण काढून टाक," ते म्हणाले. "एकदा साफ तासलं की मुळाले हवा लागते. माया कुंपणाची मेंदी पाय. मरायला टेकली होती. मी बुडापासून छाटली. आता गाय घुसत नाही."

धम्मानंदला हे पटलं. मेंदी डोळ्यांसमोर होती आणि गाय खरोखरच बाहेर उभी होती. पण जवान माणूस एकदम टक्कल करून कंपनीत गेला तर गेटपासून कँटीनपर्यंत प्रत्येक जण चेहरा पाडून विचारणार, 'घरी कोणी गेलं का?' आणि नाही म्हटलं तर, 'मंग काहून केलं?' या दुसऱ्या प्रश्नाला त्याच्याजवळ सन्मानाचं उत्तर नव्हतं.

ते उत्तर त्याला आईनंच नकळत दिलं. जेवताना ती म्हणाली, "विहारात मे महिन्यात श्रामणेर शिबिर हाय. दहा दिवसाचं. पोरं मुंडन करतात, चिवर घालतात, भंतेजींजवळ राहतात. आपल्या घरून आजपर्यंत कोणी बसलं नाही." आणि तिनं वरणाकडे पाहत उसासा टाकला.

धम्मानंदचा घास हातातच राहिला. मुंडन, तेही सन्मानानं! "मी बसतो," तो म्हणाला.

सिंधूताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. रामाजींनी पेपर खाली ठेवला, हे त्या घरात क्वचितच घडत असे. धम्मानंदला तेव्हाच थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण तोवर आई फोनवर मावशीला सांगूही लागली होती.

दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. 'धम्मानंद रामाजी बोरकर यांच्या श्रामणेर दीक्षेबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली मित्रमंडळ, आणि वर तोच केसाळ फोटो. कंपनीत साहेब एरवी अर्ध्या दिवसाच्या सुट्टीला तीन सह्या मागायचे. अर्जावर 'धार्मिक कारण' वाचून त्यांनी उभं राहून हात जोडले आणि सही करून टाकली. भावना वहिनींनी पांढरी शाल दिली. शालिकराम काका तेवढे बेचैन होते. "मी फक्त छाट म्हटलं होतं गा," ते कानात म्हणाले. "तू तर घरच सोडून राहिला."

शिबिराच्या पहिल्या सकाळी पोरं रांगेत बसली आणि वस्तरा फिरला. केस खाली पांढऱ्या कापडावर पडत होते. धम्मानंदला वाटलं होतं की वाईट वाटेल, पण त्याचा ढीग सगळ्यांत लहान आहे हे पाहून जास्त वाईट वाटलं. मग चिवर मिळालं, दसशील झालं. खोटं बोलणार नाही, दुपारनंतर जेवणार नाही, शृंगार-प्रसाधन करणार नाही. 'साधु, साधु, साधु' झालं. मग भंतेजी सामान तपासायला आले. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, मोठ्या पोटाचे, शांत. धम्मानंदच्या थैलीतून त्यांनी सिरमची बाटली काढली.

"हे काय?"

"औषध, भंतेजी."

"कशाचं?"

खोटं न बोलण्याचं शील घेऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. धम्मानंदनं इकडेतिकडे पाहिलं. रांगेतली सगळी नवी टकली कान देऊन बसली होती. "केसांचं," तो म्हणाला.

भंतेजींनी त्याच्या चकचकीत डोक्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे पाहिलं, आणि ती खिडकीत ठेवून दिली. थोड्या वेळानं त्यांनी सगळ्यांना पहिलं ध्यान शिकवलं. "म्हणा. केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. केस, रोम, नखं, दात, कातडी. फार जुनी पद्धत आहे ही, मुंडनाच्या दिवशी हेच देतात. सुरुवात केसांपासून. विचार करा, केस म्हणजे काय? डोक्यावर असला तर शोभा. तोच वरणात पडला तर ताट सरकवता. केस तर तोच आहे."

माणूस केस विसरायला नव्हे, आणायला आला होता. आणि त्याला रोज पहाटे मांडी घालून केसांवरच चित्त एकाग्र करायला सांगण्यात आलं. धम्मानंद इतक्या मनापासून केसांचं ध्यान करू लागला की भंतेजींनी इतर पोरांना त्याचं उदाहरण दिलं.

नागपूरचा मे महिना डोक्यावर केस असलेल्यांनाही सोसत नाही. सकाळी भिक्षाटनाला निघालं की नऊलाच टाळू तापायची. दुपारी बारानंतर पोटात फक्त पाणी, फार तर गाळलेला रस. संध्याकाळी विहाराच्या भिंतीपलीकडून कोणाच्या तरी घरची फोडणी यायची आणि दहा-बारा श्रामणेर एकदम डोळे मिटायचे. दोन पोरं तिसऱ्याच दिवशी घरी गेली. धम्मानंद राहिला. केसांसाठी एवढंही करायचं नाही तर मग काय करायचं, असा त्याचा हिशेब होता.

पण त्या आठवड्यात एक गोष्ट झाली. आई-बाबा भेटायला आले. धम्मानंद सवयीनं उठायला लागला, तर शेजारच्या श्रामणेरानं त्याला खाली ओढलं. चिवरातला माणूस उठत नाही. आईनं गुडघे टेकून वंदन केलं. मग बाबांनी. रामाजींचं टक्कल त्याच्या पायांसमोर जमिनीला टेकलं आणि वर आलं. त्या डोक्यावरून आजवर त्यानं किती कुरकुर केली होती! 'तुमच्यामुळेच झालं हे,' असं तोंडावर म्हटलं होतं. त्या दिवसापासून ध्यानाला बसल्यावर केस कमी आठवू लागले आणि बाबा जास्त.

इकडे फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरून फिरत फिरत रामटेकला पोचला होता. 'दहा दिवस' फ्लेक्सवर नव्हतेच, आणि वाटेतही ते कोणी जोडले नाहीत. गजभिये गुरुजींना मिळालेली बातमी अशी होती की बोरकरांच्या मुलानं घर सोडून दीक्षा घेतली. गुरुजी कानावर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी भोजनदानाचं निमित्त काढलं आणि हिमानीला घेऊन डब्यांसकट शिबिरात हजर झाले.

श्रामणेर ओळीनं बसले होते. जेवताना बोलायचं नाही, मान वर करायची नाही. धम्मानंदला ताटासमोर दोन अनवाणी पाय दिसले आणि वरून आवाज आला.

"भंते, वरण?"

फोनवर दोनदाच ऐकलेला आवाज, पण धम्मानंदला तो तत्काळ ओळखू आला. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती समोर उभी राहून त्याला भंते म्हणत होती. 'मी धम्मानंद, फक्त दहा दिवसांसाठी बसलोय' एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर सगळं निस्तरलं असतं. पण तोंड उघडायला बंदी. त्यानं नुसतं ताट पुढे केलं. तिनं वरण वाढलं. मग भाजी, मग पुन्हा वरण. नको कसं म्हणायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ताटात टाकायचं नाही हे मात्र शिकवलं होतं. तो पोट फुटेस्तोवर जेवला.

जेवणानंतर गुरुजी त्याच्यासमोर आले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पंचांग प्रणाम केला. भावी सासरा पायाशी आणि जावई वर मांडी घालून! मग दात्यांपैकी कोणी दोन शब्द बोलावेत म्हणून माइक फिरला, तो गुरुजींनी घेतला.

"मी इथं चौकशीला आलो होतो," ते म्हणाले. "आमची पोरगी यांना द्यायचं चाललं होतं. पण आज यांच्या चेहऱ्यावरचं तेज पाहिलं. अशा माणसाले संसारात ओढणं पाप हाय. मी तो विषय इथंच संपवतो."

ते तेज मे महिन्याच्या उन्हाचं आणि चार वाट्या वरणाचं होतं. पण धम्मानंद काही बोलायच्या आत मंडपातल्या सगळ्यांनी 'साधु, साधु, साधु' म्हटलं. रीत म्हणून धम्मानंदलाही म्हणावं लागलं. स्वतःचं लग्न मोडल्याला त्यानं स्वतःच्या तोंडानं साधुवाद दिला.

संध्याकाळी तो भंतेजींकडे गेला आणि सगळं सांगितलं. टाळू, ड्रोन, मेंदी, काहीच ठेवलं नाही. भंतेजी ऐकत राहिले. त्यांचं पोट मधूनच हलत होतं, पण चेहरा शांत होता.

"दार उघडं आहे," ते शेवटी म्हणाले. "चिवर उतरव, रामटेकची बस पकड, सांगून ये. इथं कोणी कोणाला बांधून ठेवत नाही."

धम्मानंद दारापर्यंत गेला. मग परत फिरला. केसांसाठी आलो होतो हे खरं, पण आई-बाबा वाकले ते केसांसाठी नाही. अर्ध्यात उठलो तर ते दोघं कोणासमोर वाकले होते? त्यानं चटई झटकली आणि बसला. पूर्ण दहा दिवस बसला.

शिबिर संपवून तो कंपनीत गेला, तर गेटवरच्या हजेरीच्या मशीननं त्याचा चेहरा नाकारला. "कृपया पुन्हा प्रयत्न करा," मशीनमधली बाई म्हणाली. त्यानं पुढून, बाजूनं, हसून, गंभीर होऊन प्रयत्न केला. मागे पहिल्या पाळीची रांग लागली. ऑफिसनं सांगितलं की चेहरा नव्यानं नोंदवता येईल, पण त्याला मुख्य कार्यालयाची मंजुरी लागेल, आणि मंजुरीसाठी कर्मचारी कामावर हजर असावा लागेल. हजर म्हणजे मशीनमध्ये हजर. विक्कीनं युक्ती काढली. धम्मानंद रोज गेटवर पाहुण्यांचा पास घेऊन आत जाऊ लागला. 'कोणाला भेटायचे' यापुढे तो स्वतःचं नाव लिहायचा, आणि गार्ड रोज इमानदारीनं विचारायचा, "ते आले का आज?"

जूनमध्ये केस उगवले. शालिकराम काका रोज सकाळी कुंपणावरून वाकून पीकपाणी पाहत. बाजूनं दाट आले, मागून दाट आले, आणि मधोमध आलुबोंड्याएवढी जागा होती तश्शीच सोडून आले. मोजून काढून पुन्हा तशीच पेरणी केल्यासारखे.

"जमीन कशी हाय, त्याच्यावर असते ते," काका म्हणाले, आणि आठवडाभर कुंपणाकडे फिरकले नाहीत.

धम्मानंद मात्र वेगळंच काही मनावर घेऊन बसला होता. एका रविवारी त्यानं गाडी काढली. "कुठं चालला?" आईनं विचारलं. "रामटेकले." "अरे, त्यायनं नाही म्हटलं. नाही म्हटल्यावर कोणी जाते का?" "त्यायनं भंतेले नाही म्हटलं," धम्मानंद म्हणाला. "मले कुठं म्हटलं?"

गुरुजींनी दार उघडलं आणि सवयीनं हात जोडू लागले. "जोडू नका, सर," धम्मानंद घाईनं म्हणाला. आत बसल्यावर त्यानं हेल्मेट काढलं, डोकं मुद्दाम खाली वाकवून दाखवलं, आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. आतल्या दारात हिमानी येऊन उभी राहिली होती. तिनं पदर नाही, पण ओढणीचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे," ते म्हणाले, "मी तुमच्या टकलासमोर वाकलो?"

"बाबा," हिमानी म्हणाली, "तुमी चिवराले वाकले. टकलाले नाही. टकलाले वाकायचं असतं तर आपल्या घरी काका हायेत ना."

गुरुजींनी तिच्याकडे रागानं पाहिलं, मग धम्मानंदकडे वळले. वर्गात पोराला उभं करून विचारावं तसं त्यांनी विचारलं. "दहाही दिवस बसले?"

"हो, सर."

"संध्याकाळी कधी खाल्लं?"

"नाही. एकदा आंब्याचा रस घेतला."

"गाळलेला?"

"गाळलेला."

"आणि आमच्या पोरीचं बोलणं मोडलं, तेव्हा उठून यावं नाही वाटलं?"

"वाटलं, सर. दारापर्यंत गेलो होतो." त्यानं हेल्मेट मांडीवर घेतलं. "मग बाबा आठवले. ते वाकले होते."

गुरुजी उठले, आत गेले, पाणी पिऊन बाहेर आले. "केसासाठी हा माणूस दहा दिवस उपाशी झोपला," ते हिमानीकडे न पाहता म्हणाले, "आणि केस येणार नाही हे कळल्यावर खरं सांगाले एवढ्या उन्हात गाडी घेऊन आला. मूर्ख हाय. पण लबाड नाही. तुयं तू पाय आता."

हिमानी त्याला गेटपर्यंत सोडायला आली. धम्मानंदनं गाडीचा आरसा विनाकारण सरळ केला.

"मी आता डॉक्टरले दाखवतो," धम्मानंद म्हणाला. "लवकर दाखवलं तर राहिलेले टिकतात म्हणे. मी सोडणार नाही."

"दाखवा ना. पहिलेच दाखवाले पाहिजे होतं," ती नर्सच्या आवाजात म्हणाली. मग आवाज बदलला. "पण मायासाठी नका दाखवू. फोटोतला पोरगा मले काही खास नव्हता वाटला. वरण वाढताना जो पाहिला, तो पसंत केला. आता त्याच्या डोक्यावर केसगिस आले तर मले पुन्हा विचार करावा लागन."

धम्मानंद रामटेकहून हुडकेश्वरला आला तो हेल्मेट हँडलला अडकवूनच, म्हणजे वाटेत पोलिसाला दंड भरूनच. आई दारातच उभी होती.

"काय म्हणे रे पोरगी?" तिनं घाबरत विचारलं.

"हो म्हणे," धम्मानंद म्हणाला. "फक्त केस वाढवू नका म्हणे."

सिंधूताईंनी त्याच्या टाळूकडे पाहिलं, आत पेपर वाचत बसलेल्या रामाजींकडे पाहिलं, आणि सुटकेचा मोठा श्वास सोडला.

"मंग काही टेन्शन नाही," ती म्हणाली. "तेवढं आपल्याच्यानं जमते."